माल मोजणारे सरकार

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी फडताळात किंवा ट्रंकेच्या तळाशी एक शिधापत्रिका असते. कुणी तिला रेशनकार्ड म्हणतो, कुणी नुसते कार्ड म्हणतो. शाळेच्या दाखल्याइतकेच आपण ते जपतो. पण हे कार्ड आले कुठून, असे एखाद्या पोराने वर्गात विचारले, तर गुरुजी, तुम्ही काय सांगाल? मुंबईत 2 मे 1943 या दिवशी धान्याचे रेशनिंग सुरू झाले, तिथून आपल्याकडची गोष्ट सुरू होते. पण या कार्डाचे आजोळ विलायतेत आहे. आज त्या आजोळची हकिकत सांगायची आहे. ती साखर-लोण्याची आहे, कोळशाची आहे, आणि शेवटी बंगालची आहे.

आजच ही जुनी कथा का काढली, असेही कुणी म्हणेल. तर त्याचे कारण असे. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पाचांतले चार हिस्से, किंबहुना त्याहून थोडे जास्तच, आपण समुद्रापलीकडून आणतो. आपला पंप, ट्रॅक्टर, एस.टी., खताचा कारखाना, सगळे त्यात आले. उद्या हा ओघ आटला तर सरकारने काय करायचे, हा प्रश्न हवेतला नव्हे. एका देशावर तो प्रसंग खरोखर आला होता, आणि त्याने आपले सगळे सरकार त्यासाठी मोडून नव्याने बांधले होते.

ब्रिटन हे बेट आहे. शिक्षकमंडळींनी भिंतीवरच्या नकाशात दाखवावे, म्हणजे पुढचे सगळे चटकन कळेल. 1939 साली त्या बेटावर खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी जवळजवळ दोनतृतीयांश अन्न बाहेरून येई. गहू कॅनडाचा, मांस अर्जेंटिनाचे, लोणी न्यूझीलंडचे, चहा आपला आणि लंकेचा. पेट्रोल तर सगळेच बाहेरचे. घरचा असा एकच खजिना, तो म्हणजे जमिनीखालचा कोळसा. सप्टेंबर 1939 मध्ये लढाई पेटली आणि जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या. मग पैसा असून उपयोग काय? लंडनच्या तिजोरीत नोटा होत्या, पण नोटा काही शिजवून खाता येत नाहीत.

इथेच पहिली मेख आहे. शांततेच्या काळातले सरकार पैसा मोजते. खर्च किती, जमा किती, कर किती. अर्थखाते हो म्हणाले की काम होते, नाही म्हणाले की अडते. टंचाईत हा हिशेब लंगडा पडतो. तिथे मोजायचे असते ते जहाजाच्या पोटातली जागा, कोळशाचे टन, माणसांचे हात. मे 1940 मध्ये चर्चिल पंतप्रधान झाले आणि त्यांनी पाचच जणांचे युद्धमंत्रिमंडळ केले. त्या पाचांत अर्थमंत्री नव्हता! ऑक्टोबरात त्याला आत घेतले, फेब्रुवारी 1942 मध्ये पुन्हा बाहेर बसवले. अर्थखात्याचा असा मानभंग त्या देशात पूर्वी क्वचितच झाला असेल. मजूरखाते मात्र मानाला चढले. ते दिले होते अर्नेस्ट बेव्हिन या कामगार पुढाऱ्याकडे. माणसे कुठे लावायची हे तो ठरवणार. पुढे डिसेंबर 1942 पासून तर मनुष्यबळाचेच अंदाजपत्रक होऊ लागले. सैन्याला इतके हात, खाणींना इतके, विमानाच्या कारखान्यांना इतके, असे.

घरच्या कारभाराची सगळी जुळवाजुळव एका समितीकडे होती. तिचे प्रमुख ऑक्टोबर 1940 पासून सप्टेंबर 1943 पर्यंत सर जॉन अँडरसन हे होते. हे गृहस्थ 1932 ते 1937 या काळात बंगालचे गव्हर्नर होते. हे नाव लक्षात ठेवा. मागाहून कामाला येईल.

अन्नाची तयारी लढाईच्या आधीच झाली होती, हे त्यांचे शहाणपण. पहिल्या महायुद्धात रेशनिंग यायला 1918 साल उजाडले, तोवर दुकानांपुढे रांगा लागून लोक चिडले होते. तो धडा विसरला गेला नाही. 1936 मध्येच अन्नाच्या योजनेचे एक छोटे खाते उघडले गेले, आणि रेशनिंगचा विचार करायला बोलावले विल्यम बेव्हरिज यांना. पहिल्या लढाईत त्यांनी अन्नखात्यात काम केलेले होते. गंमत पाहा, या बेव्हरिजसाहेबांचा जन्म 1879 सालचा, बंगालातल्या रंगपूरचा. वडील तिथे अंमलदार होते. लढाई जाहीर झाली 3 सप्टेंबरला आणि अन्नमंत्रालय उभे राहिले 8 सप्टेंबरला. पाच दिवसांत मंत्रालय उभे राहते ते काही चमत्काराने नव्हे. त्यामागे तीन वर्षांचा अभ्यास होता. महिनाअखेरीस, 29 तारखेला, घरोघर जाऊन माणसांची नोंद झाली. 8 जानेवारी 1940 पासून साखर, लोणी आणि डुकराचे खारवलेले मांस कार्डावर मिळू लागले. लोणी माणशी आठवड्याला चार औंस, म्हणजे सव्वाशे ग्रॅमही नाही. जुलैत चहा आला, आठवड्याला दोन औंस. विलायती माणसाला चहा मोजून देणे म्हणजे आपल्याकडे वारकऱ्याला तंबाखू मोजून देण्यासारखे आहे!

आता याची घडण कशी होती ते नीट ऐका. प्रत्येक घराने आपल्या वस्तीतल्या एका दुकानदाराकडे नाव नोंदवायचे. दुकानदाराकडे जितकी डोकी नोंदलेली, तितकाच माल त्याला मिळायचा. तपासायला स्थानिक अन्नसमिती. अशा समित्या देशभर हजाराहून अधिक होत्या, आणि त्यांत गिऱ्हाइकांचे प्रतिनिधी व्यापाऱ्यांहून जास्त असत. आपल्या दक्षता समितीची ही जुनी आवृत्ती म्हणा. फरक एवढाच की त्या समितीत बसणारा माणूस स्वतःही त्याच रांगेतला होता. राजवाड्यालाही रेशनची पुस्तके होती.

पण डबाबंद मासळी, डाळी, सुकामेवा अशा जिनसांचे काय? त्या सगळ्यांना पुरतील इतक्या नव्हत्या आणि सगळ्यांना हव्याच होत्या असेही नव्हे. त्यासाठी 1 डिसेंबर 1941 ला गुणांची पद्धत निघाली. दर चार आठवड्यांना माणशी सोळा गुण. एका डब्याला इतके गुण, दुसऱ्याला तितके. तुम्ही ठरवा आपले गुण कशावर उडवायचे. एखाद्या जिनसेचा साठा घटला की सरकार तिचे गुण वाढवी, साठा पडून राहिला की उतरवी. म्हणजे बाजारात भाव जे काम करतो ते काम या गुणांनी केले, पण सावकाराच्या पोराला आणि खाणकामगाराच्या पोराला गुण सारखेच. माझ्या मते त्या सगळ्या कारभारातली ही सर्वांत हुशारीची गोष्ट होती. भाव वाढवून टंचाई निस्तरली की ती गरिबाच्या ताटातून निस्तरते. इथे ताट सगळ्यांचेच थोडे थोडे लहान झाले.

सगळे सोवळ्यातले होते असे मात्र समजू नका. चोरटा बाजार तिथेही होता. हॉटेलात जेवायला कार्ड लागत नसे, तेव्हा पैसेवाल्यांची चैन चाले. ओरड झाली तेव्हा 1942 मध्ये एका जेवणाला पाच शिलिंगांची मर्यादा घातली. पाव आणि बटाटे लढाई संपेपर्यंत रेशनवर आले नाहीत, कारण श्रम करणाऱ्याचे पोट कशाने तरी भरले पाहिजे. मात्र पाव पांढरा राहिला नाही. गव्हाचा कोंडा फार काढून टाकायचा नाही असा हुकूम झाला आणि 1942 पासून मळकट रंगाचा राष्ट्रीय पाव आला. लोकांनी नाके मुरडली. आपल्याकडे मिलो ज्वारीला मुरडली होती, तशीच. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन हे दुकानदारीत मुरलेले गृहस्थ, त्यांना गिऱ्हाइकाची समजूत घालता येई. सकाळी सव्वाआठला रेडिओवर स्वयंपाकाचा कार्यक्रम लागे: आहे त्यात काय रांधावे, गाजराचे काय करावे. गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची मुले यांना 1940 पासून रोज स्वस्तात किंवा फुकट दूध मिळू लागले. लढाई संपली तेव्हा त्या देशात तान्ह्या मुलांच्या मृत्यूचे प्रमाण लढाईच्या आधीपेक्षा कमी होते. टंचाईच्या काळात लेकरे जास्त जगली.

शेतीचा कारभार जिल्हासमित्यांकडे दिला होता. त्यांत त्याच जिल्ह्यातले जाणते शेतकरी. कुरणे नांगरा, अमुक पीक घ्या, असा हुकूम त्या काढीत. ट्रॅक्टर भाड्याने देत, शेतकऱ्यांची प्रतवारीसुद्धा लावीत. ऐकले नाही तर जमीन ताब्यात. सुमारे साठ लाख एकर जादा जमीन नांगराखाली आली. पण बांधाला बांध असलेल्या माणसाच्या हाती असली सत्ता दिली की काय होते, ते गावात राहणाऱ्याला मी काय सांगावे? 1940 साली हॅम्पशायर परगण्यात एका शेतकऱ्याने काही एकर नांगरायला नकार दिला आणि घर सोडायलाही. पोलिसांशी चकमक झाली आणि तो गोळी लागून मेला. अन्न वाढले हे खरे, आणि हेही खरे.

आता कोळसा. अन्नात जे साधले ते इंधनात साधले नाही, आणि का साधले नाही ते कळले तर आजच्या माणसाला त्याचा उपयोग आहे. कोळसा घरचाच, मग काळजी कसली, असे सगळे समजून चालले होते. जून 1940 मध्ये फ्रान्स पडला, बाहेर जाणाऱ्या कोळशाला गिऱ्हाईक उरले नाही, खाणी ओस पडल्या. तरणे कामगार सैन्यात गेले, दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेले. तिथे मजुरीही बरी. दीड वर्षात चित्र उलटले. कारखान्यांची भूक वाढली आणि खणायला माणसे नाहीत. 1939 साली सुमारे तेवीस कोटी टन कोळसा निघाला होता, 1945 साली निघाला सुमारे अठरा कोटी.

तेव्हा पुन्हा बेव्हरिज यांनाच बोलावले. 1942 च्या वसंतात त्यांनी इंधनाच्या रेशनिंगची योजना करून दिली. कोळसा, वीज, गॅस यांचे मिळून घरागणिक माप, आणि कुठे काय वापरायचे ते घराने ठरवायचे. अन्नाच्या गुणांसारखेच. पण अन्नाचे रेशन चाले, कारण पोट सगळ्यांचे सारखे. घरे सारखी नव्हती. मोठ्या वाड्यांना दहा शेगड्या, झोपडीवजा घराला एक. माप ठरले असते तर वाड्यांच्या शेगड्या विझल्या असत्या. पार्लमेंटात सत्तेच्या बाजूच्याच सभासदांनी विरोध केला आणि योजना बासनात गेली. त्याऐवजी जून 1942 मध्ये इंधन आणि वीज यांचे एक नवे मंत्रालय काढले. आपल्याकडेही हे पाहिलेले आहे. अडचणीचा निर्णय घ्यायचा नसला की नवे खाते निघते.

मग काटकसरीची विनंती सुरू झाली. आंघोळीच्या टबात पाच इंचांवर पाणी घेऊ नका, असे सांगण्यात आले. उन्हाळ्यात घड्याळे एकाऐवजी दोन तास पुढे, म्हणजे संध्याकाळी दिवा उशिरा लागेल. आपल्याकडेही 1 सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 पर्यंत घड्याळ एक तास पुढे केलेले होते. 1943 च्या डिसेंबरात तर सैन्यात जाणाऱ्या पोरांतून चिठ्ठ्या टाकून काहींना खाणीत पाठवू लागले. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा निघाला की चालला गडी जमिनीखाली. चिठ्ठीने आणि स्वखुशीने मिळून सुमारे 48 हजार तरुण असे गेले.

टाळलेला निर्णय लढाईनंतर दारात उभा राहिला. 1 जानेवारी 1947 ला खाणी सरकारी मालकीच्या झाल्या, जनतेच्या वतीने त्या चालवल्या जातील अशा पाट्या लागल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हिवाळ्याने घेरले. बर्फात रेल्वे अडकली. वीजघरांपाशी कोळशाचा साठा आधीच तुटपुंजा. मंत्री शिनवेल ऑक्टोबरापर्यंत सांगत होते की घाबरू नका. 7 फेब्रुवारीला त्यांनाच पार्लमेंटात उभे राहून सांगावे लागले की मोठ्या भागातल्या कारखान्यांची वीज बंद होणार. घरांची वीज दिवसातून पाच तास बंद. वीस लाखांवर माणसे काही आठवडे बेकार झाली. मालकी बदलली म्हणून खाणीतून दगड काही जास्त निघत नाही. आधी हिशेब करून, कुणाची शेगडी विझवायची हे पाच वर्षांपूर्वी ठरवले असते, तर कदाचित यातले बरेच टळले असते, असे मला वाटते.

इथवर विलायतेची कथा. आता त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला चला. साल 1943. राजा तोच, मंत्रिमंडळ तेच, जहाजांचा हिशेब ठेवणाऱ्या वह्याही त्याच.

मार्च 1942 मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनाऱ्याकडचे धान्य हलवले आणि हजारो होड्या जप्त केल्या वा मोडून टाकल्या. ज्या मुलखात रस्त्याऐवजी नदी आहे, तिथे होडी म्हणजे बैलगाडी, औत आणि जाळे सगळे एकच. 16 ऑक्टोबर 1942 ला मेदिनीपुराकडे वादळ आले. सरकार लढाईसाठी नोटा छापीत होते. कलकत्त्यात तांदूळ डिसेंबर 1942 मध्ये मणाला तेराचौदा रुपये होता, मे 1943 मध्ये तीस रुपयांवर गेला. शेतमजूर, कोळी, न्हावी, कुंभार यांची मजुरी होती तिथेच राहिली. बाजारात तांदूळ दिसत होता. तो घ्यायला त्यांच्याकडे काही नव्हते. प्राध्यापक अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट आकडे मांडून दाखवली. बंगाली होते तेही. दुष्काळाच्या वेळी ते नऊ वर्षांचे होते आणि त्यांनी तो डोळ्यांनी पाहिलेला होता.

आता हिशेब लावा. लंडनला अन्नमंत्रालय लढाई पेटल्यावर पाचव्या दिवशी उभे राहिले. दिल्लीत अन्नखाते निघाले डिसेंबर 1942 मध्ये, सव्वातीन वर्षांनी. लंडनला घरोघर डोकी मोजली. बंगालात जून 1943 मध्ये गावोगाव लपवलेले साठे शोधायची मोहीम निघाली आणि तिच्यातून कलकत्ता व हावडा ही दोन मोठी शहरे वगळली, म्हणजे जिथे मोठे व्यापारी होते तीच. कलकत्त्याच्या गिरण्या, गोदी आणि रेल्वे इथल्या कामगारांसाठी मात्र स्वस्त धान्याची सोय होती, कारण ते थांबले तर लढाईचा गाडा थांबेल. खेड्यातला माणूस थांबला तर कुणाचे काय अडणार होते? जानेवारी 1943 मध्ये हिंदी महासागरातल्या जहाजांच्या फेऱ्यांत मोठी कपात झाली. ती जहाजे अटलांटिकात लावली, विलायतेचे साठे भरायला. दिल्लीहून धान्यासाठी जहाजे मागितली. ऑगस्टात युद्धमंत्रिमंडळाने मागणीच्या मानाने फार थोडे दिले. आणि घरचा कारभार जुळवणाऱ्या त्या समितीवर तेव्हा कोण होते? बंगालची पाच वर्षे गव्हर्नरकी केलेले जॉन अँडरसन.

कुणी म्हणेल, त्यांना बंगाल ठाऊक नव्हता. चांगला ठाऊक होता. कुणी म्हणेल, रेशनची विद्या अवगत नव्हती. ती विद्या तर रंगपूरला जन्मलेल्या माणसाने तयार केली होती. मग फरक कशाचा? ब्रिटनमधल्या गृहिणीला चहा कमी पडला तर तिचा खासदार पार्लमेंटात उभा राहून मंत्र्याला जाब विचारी, आणि तीच गृहिणी पुढच्या निवडणुकीत मत देणार होती. बंगालच्या होडीवाल्याचा त्या पार्लमेंटात कुणी नव्हता. कोळशाच्या बाबतीतही थोड्या प्रमाणात हेच घडले होते ना? दहा शेगड्यांचा वाडा पार्लमेंटात बोलला, एका शेगडीचे घर बोलले नाही.

सर जॉन वुडहेड यांच्या चौकशी समितीने 1945 मध्ये मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो वीस ते तीस लाखांपर्यंत नेला. कलकत्त्याला रेशनिंग सुरू झाले 31 जानेवारी 1944 ला, लाखो माणसे मरून गेल्यावर.

मुंबई इलाख्याने त्या मानाने लवकर हातपाय हलवले. शहरात कार्ड आले मे 1943 मध्ये, आणि ते चालवायला धान्य हवे म्हणून खेड्यांवर लेव्ही बसली. तिच्या आठवणी आपल्या जुन्या माणसांकडे आहेत, आणि त्या गोड नाहीत. खळ्यावर अधिकारी येऊन धान्य मोजून नेई, घरात काय उरेल याचा विचार कमी. शहराचे पोट भरले ते गावच्या खळ्यावरून, हे कोणत्याही मुंबईकराने विसरू नये. डिसेंबर 1947 मध्ये नियंत्रणे उठवायला सुरुवात झाली, भाव भडकले, आणि 1948 साल सरायच्या आत ती पुन्हा घालावी लागली.

ब्रिटनने जिंकल्यावरही बराच काळ पट्टा आवळून ठेवला. लढाईत न आलेले पावाचे रेशन जुलै 1946 मध्ये आले आणि दोन वर्षे राहिले. पेट्रोल मे 1950 मध्ये मोकळे झाले. मांसाचे रेशन 4 जुलै 1954 ला उठले आणि अन्नाची पुस्तके रद्द झाली. घरगुती कोळशाचे बंधन 1958 पर्यंत होते. त्याआधीच अन्नमंत्रालय शेतीखात्यात विलीन झाले होते. आपल्याकडचे कार्ड मात्र राहिले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यावरच्या धान्याला हक्काचे रूप दिले, आणि आता दुकानात पुस्तकाऐवजी यंत्रावर अंगठा टेकवतात. गावाकडे वीज गेली किंवा रेंज गेली की यंत्र अडते, आणि म्हातारी माणसे पिशवी घेऊन ओट्यावर बसून राहतात. दुकानदार सांगतो, उद्या या.